माघातली बोट पौषात

पौष शु. ११, शके १८१५. ठाणे

मालन येते आहे! काही तासांसाठीच — पण येते आहे!

कराचीहून परतलेले नारोपंत आज मुद्दाम कोपरीत आमचं घर शोधत आले. ओसरीवर टेकायच्या आधीच म्हणाले, "तुमच्या धाकट्या बहिणीच्या सासूबाईंचा निरोप आहे. विष्णुपंतांची तारखात्यात कोचीनला बदली झाली. माघ वद्य पंचमीला सगळ्यांची बोट मुंबईला लागेल, संध्याकाळी सुटेल. भेटायचं तर बंदरात येऊन भेटा." पत्र का नाही घातलं, विचारलं. हसले. "बाई म्हणाल्या, हा जातोच आहे, तर तिकीट कशाला चिकटवायचं?" माझ्याहून काटकसरी बाई जगात आहे हे ऐकून इकडे फार समाधान झालं!

मालनला सातवा चालू आहे. आषाढात राहिलं असं तिनेच कळवलं होतं, तेव्हापासून बोटांवर मोजते आहे.

आई संक्रांतीपासून माझ्याकडेच आहे. ऐकून आनंदली, मग उठून देवघरात गेली. का ते मला ठाऊक. मालनचं पहिलं बाळंतपण आईने केलं, याच घरात. मूल चौथ्या दिवशी गेलं. तेव्हापासून विहीणबाईंचं एकच — "आता सुनेचं बाळंतपण माझ्या डोळ्यांदेखत."  आणि शेजारी कुणाचं बारसं असलं की आईचं डोकं दुखतं.

मालनला ठेवून घ्यायची. कोचीनला ना कुणाची भाषा कळायची, ना कुणी आपलं. कशी ठेवायची ते सुचत नाही. पण अजून महिन्यावर दिवस आहेत. देव सुचवील.


पौष शु. १३

बेत ठरला. मालनला बंदरावरून थेट गाडीने इथे आणायची. मागल्या परसात डोहाळजेवण. हिरवं लुगडं, चुडा, फुलांची वाडी — काही उणं ठेवायचं नाही. लुगडं नवं कशाला? माझं लग्नातलं हिरवं पेटीत आहे, एकदाच नेसलेलं. आई म्हणाली, "अगं, पौषात असल्या गोष्टी बोलूसुद्धा नयेत." बरं. माघ लागला की बोलू.


पौष पौर्णिमा

विष्णुसहस्रनाम झालं. काही सुचलं नाही.


पौष व. ५

तार! बोट आली — आज! आजच!! निघालो.


पौष व. ६

काल लिहायला बळच नव्हतं. आज सगळं लिहिते.

सकाळी कढीला फोडणी देत होते. तारवाला दारात. शेजारच्या गंगुकाकूंनी तार पाहिली आणि काही विचारायच्या आत गळा काढला. "कोण गेलं गं, बाई!" आई तिथेच भिंतीला टेकली. मी फोडली. इंग्रजीत चार शब्द — बोट पोचली, पाचला सुटते, विष्णु. मी ओरडले, "कुणी गेलं नाही, मालन आली!" काकूंनी डोळे पुसले आणि लगेच, "मग आधी सांगायचंस की!" माझ्या मॅट्रिकचा आजवर झालेला हा पहिला रोकडा उपयोग.

पण आज कशी? माघाला अवकाश आहे! विचार करायला वेळ नव्हता. कचेरीत निरोप धाडला. स्वारी अर्ध्या दिवसाची रजा काढून आली ती हसतच. "तुमचा माघ फार लवकर आला!"

दुपारी हळदीकुंकू करणार होते, ते सामान तसंच परातीत होतं — बोरं, उसाचे करवे, हरभरे, तिळाच्या वड्या. सगळं फडक्यात बांधलं. खण, नारळ, हिरवं लुगडं. कढी-भाताचा डबाही घेतला. शिजवलेलं टाकवेना!

मशीदबंदरला उतरलो, धक्क्यावर गेलो. बोट खूप आत उभी. धक्क्याला लागणारच नाही म्हणाले. मचवेवाला दगडू कोळी म्हणाला, "तिकरं जाऊन येवाला येल लागंल, बाय. तुमची बहीन इकरं येवाची, ठान्याला जावाची, परत येवाची — बोट थांबतेय व्हय?" झालं! परसातलं डोहाळजेवण पाण्यात गेलं.

आणि तेवढ्यात सुचलं. पाण्यात का नाही? बागेतलं करतात, चांदण्यातलं करतात, तसं नावेतलंही करतातच की! श्रीमंतांना तळ्यात नाव आणवावी लागते. आम्हाला दर्या फुकट.

आई जन्मात मचव्यात बसली नव्हती. रामरक्षा म्हणत बसली. लाट आली की मोठ्याने, लाट गेली की हळू.

मालन शिडीवरून उतरली — केवढी झाली आहे! मागून विहीणबाई. विष्णुपंत वर आडवे. "बोट मुंबईला आज लागली," मालन म्हणाली, "यांना कराचीलाच लागली!" आईला मिठी मारली आणि दोघी हसता हसता रडल्या. मचवा डुलला. दगडू म्हणाला, "सांभाल गो, पोर आताच खलाशी व्हनार!"

लुगडं वरच्या वरच गुंडाळलं. केसांत शेवंती. बोरांची ओटी भरली. दोन ओळी गायल्या, तर वर कठड्याला सगळी बोट गोळा. एक खलाशी टाळ्या काय वाजवतो, एक पारशीण रुमाल काय हलवते! मालनला डोहाळे कशाचे? तिळाच्या वड्या बाजूला सारल्या आणि थंड कढी डब्याला तोंड लावून प्यायली. "ताई, सात महिने हीच हवी होती!"

मग मी विचारलं, तुम्ही माघात येणार होता ना?

विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे? आज माघ वद्य पंचमीच आहे."

"आज पौष वद्य पंचमी."

"काहीतरीच! पौष पुनवेलाच संपला. आमच्या देवळातले पुजारी काशीकडचे आहेत, त्यांचंच पंचांग मी पाळते."

तेव्हा उलगडलं. त्यांचा महिना पुनवेला संपतो, आपला अवसेला. वद्य पक्ष एकच, नाव त्यांच्याकडे पुढच्या महिन्याचं! मी मेली अजून महिना आहे म्हणून बोटं मोजत बसले.

आईने हात जोडले. "विहीणबाई, एवढ्या वेळेला ठेवा पोरीला." त्या मचव्याच्या कडेकडे बघत म्हणाल्या, "नको. मागल्या वेळचं मी विसरले नाही. आठवा लागायच्या आत कोचीन गाठायचं आहे मला. आठव्यात सीम ओलांडायची नसते." आईचे हात खाली आले. मालनने मान फिरवली. वर पहिली घंटा झाली.

आणि मी बोलले. कुठून बळ आलं देव जाणे. "पण आईसाहेब, आषाढ पहिला धरला तर माघ कितवा?"

त्यांनी बोटं मोजली. थांबल्या. पुन्हा मोजली.

"तुमच्या पंचांगाने माघ लागला ना? मग आठवाही लागलाच की."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. रागाने की कशाने, कळेना. वर कठड्याशी येऊन टेकलेल्या विष्णुपंतांचा बारीक आवाज आला, "आई, आठव्यात बोटीवर काही झालं तर?" इकडची स्वारी खोकली — ते हसू होतं, मी ओळखते.

दुसरी घंटा.

"मालनची पेटी उतरवा," विहीणबाई म्हणाल्या. मग स्वतः वर गेल्या आणि एक गाठोडं घेऊन आल्या. टोपडी, झबली, दुपटी — सगळी हातशिवणीची, मऊ जुन्या धोतरांची. आईच्या मांडीवर ठेवलं. "या वेळी माझं नातवंड मला दाखवा, विहीणबाई."  आईने त्यांचे हात धरले. कुणीच कुणाचे सोडीना, तेव्हा दगडूच म्हणाला, "आता सोरा गो बायांनो, बोट हालली!"


पौष व. ७

देवापुढे दोन वाती जास्त लावल्या. खोटं बोलले नाही. पण अर्धंच बोलले. माघ त्यांच्या पंचांगातला घेतला, तर आषाढही त्यांच्याच पंचांगातला घ्यायला हवा — आपल्या आषाढाचा वद्य पक्ष त्यांच्याकडे श्रावणात जातो, मग येतो सातवाच. हे मला तेव्हाच कळत होतं. देवा, म्हातारीला त्या मचव्यात फसवलं मी. बाळंतपण सुखरूप होईपर्यंत सोमवार धरते.

मालन दुपारी तीन तास झोपली. आई पंख्याने वारा घालत बसली. थंडीत!


माघ शु. ७

रथसप्तमी. अंगणात दूध उतू घातलं. मालन म्हणते, एवढं दूध उतू घालण्यापेक्षा मला दे. दिलं.

आज आई शेजारच्या बारशाला गेली. आपणहून.


माघ व. २

रात्रभर सगळ्या मालनजवळ जागलो. आठव्यातच कळा! आठव्यातलं मूल जगत नाही म्हणतात. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

सकाळी मुलगी झाली. अशी रडली की गंगुकाकू धावत आल्या. सगुणा सुईण तिला उलटीसुलटी करून म्हणाली, "आठव्यातली? वैनी, नखं बघा, केस बघा. पुऱ्या दिवसांची हाय ही."

मी मालनजवळ बसले. विचारलं, "आषाढ आषाढ म्हणत होतीस, तो कोणता गं? यंदा दोन आले होते."

"पहिला. अधिक. का गं, ताई?"

कोणता, हे कुणी विचारलंच नव्हतं! मीही नाही, विहीणबाईही नाहीत. मोजलं. पुन्हा मोजलं.

त्या दिवशी मचव्यात तिला आठवाच होता.