सावलीवरून घेतलेलं माप

चि. धाकट्यास ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे. मशीन तेवढं कुरकुरतं, पण कुरकुरण्याचं वयच आहे त्याचं.

‘ताई, दुकान आवर आणि कायमची आमच्याकडे ये, महिनाअखेर हो की नाही ते कळव,’ असं तू लिहिलंस. कळवतेच. आधी एका गिऱ्हाइकाचं ऐक, म्हणजे उत्तराला उशीर का झाला ते समजेल.

आपल्या गावचं तुला ठाऊकच आहे. ज्याचं काही राहून गेलंय, तो गेल्यावरही इथंच राहतो. (पोस्टातल्या रांगेत निम्मे तेच असतात, आणि घाईही त्यांनाच जास्त.) तर वाचनालयाचे जुने ग्रंथपाल एका सकाळी दुकानात आले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. (पाय सरळ आहेत, मी आधी तेच पाहिलं.) माणूस जाताना अंगावर असतं तेच पुढं कायमचं राहतं, आणि हे बिचारे गेले दवाखान्याच्या झग्यात, पाठीला नुसत्या नाड्या. तेव्हापासून गावभर भिंतीला पाठ लावूनच हिंडताहेत. म्हणाले, ‘‘बाई, एक लांब कोट शिवाल? एका ठिकाणी मागणी घालायला जायचंय.’’

आता अशा माणसांच्या अंगावर कपडा टिकतो तो नेमक्या मापाचा असला तरच. बोटभर चुकला की गळून खाली. आणि टेप तर त्यांच्या आरपार जाते. पण सावली पडते! मी दीडशहाणी, फरशीवरच्या सावलीचंच माप घेतलं, तेही उतरत्या उन्हात. कोट झाला तो दोघांना पुरून उरेल एवढा. भर रस्त्यात तो गळून पडला, आणि समोरच्या बेकरीवालीला हसू आवरेना म्हणून पावांचा ट्रे खाली टेकवावा लागला. दुसरं माप भर दुपारी घेतलं, तर कोट बाहुलीला झाला. ते म्हणाले, ‘‘राहू द्या बाई, मला घाई नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मला आहे. चाळीस वर्षांत माझ्याकडचा कपडा परत आलेला नाही.’’

मग मला त्रैराशिक आठवलं. (तुझ्या पाटीवरूनच शिकले होते, तू रडत असायचास तेव्हा.) सावलीत रुंदी बदलत नाही, फसवते ती उंची. माझी उंची ठाऊक, माझी सावली मोजता येते, त्यांचीही येते. उरलेलं गणितानं निघतं. फक्त एकाच वेळी शेजारी शेजारी उभं राहायला हवं. बेकरीवाली खडू घेऊन बसली. थोड्या वेळानं म्हणते, ‘‘अहो, जरा सरका. दोन्ही सावल्या एक झाल्यात, रेघ कुणाची मारू?’’

दोघंही सरकलो नाही.

मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, मुलगी कुठली? ते फरशीकडे बघत म्हणाले, ‘‘ती दुकान आवरून भावाकडे चालली असं ऐकलं. म्हणून धीर केला.’’

धाकट्या, हा माणूस जिवंत असताना दर शनिवारी एक तुटलेलं बटण घेऊन यायचा. मला वाटायचं, किती निष्काळजी. आपले आईबाप गेल्यावर तुला वाढवण्यात मी गुंतलेली, माझं लक्ष दोऱ्याकडे. (तुझा दोष नाही. मनाला लावून घेऊ नकोस.)

कोट काल झाला. खांद्यावर असा बसलाय की त्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून आधी चारही बाजूंना वळून दाखवलं.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
ताई

ता. क. वहिनींना म्हणावं, माझ्यासाठी खोली रिकामी करू नका.

ता. क. दुसरं. ते रविवारी तुझ्याकडे रीतसर मागणी घालणार आहेत, म्हणून तू शनिवारीच इकडे ये. घरातला कर्ता तूच. हात मिळवायला जाऊ नकोस, तोल जाईल.

ता. क. तिसरं. मेलेल्या माणसाशी संसार कसा, असं तू म्हणशील. म्हण. त्यांचं काय राहून गेलं होतं ते कळलं. माझं जे राहून गेलंय ते मी जिवंत आहे तोवरच उरकावं म्हणते.