राजघाटावरची पोटली

फोपनार

चि. प्रतिभा, तुला व घरच्यांना आशीर्वाद.

आईला जाऊन वर्ष होतंय. काल तू फोनवर म्हणालीस, "दादा, तिच्या अस्थींतली चिमूटभर राख मी पुडीत जपली आहे. सोमवारी प्रयागला चल." तेव्हापासून देवापुढे उभा राहतो, पण नजर वर होत नाही.

त्या अस्थी आईच्या नाहीत. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी केळीचे घड कापून झाले होते, ट्रक दारात होता. म्हणून तुझी वाट न पाहता मी राजघाटावर अस्थी तापीत सोडल्या. घरी आलो तोच तुझा फोन आला, "मी येईपर्यंत थांब रे." मी म्हणालो, "थांबलोय." तू आलीस त्या सकाळी पोटलीत चुलीतली राख बांधली. राजघाटावर ती सोडण्याआधी छातीशी धरून तू म्हणालीस, "अजून ऊब आहे रे आईची!"

तू रडू नयेस म्हणून खोटं बोललो, असं मी मनाला सांगत आलो. खरं तर ट्रकसाठी आईची घाई केली, हे तुला कळू द्यायचं नव्हतं.

हे लिहितानाच तुझा फोन आला. "रिझर्वेशन करून टाकलं. पुडी तूच सोड गंगेत, आईचा जीव तुझ्यावर होता."

मी "बरं" म्हणालो.

तुझा दादा,
निरंजन