सोळाव्या कडव्याआधी तापणारा कॉम्प्युटर

लोहारा,
दसऱ्यानंतरचा मंगळवार

प्रिय श्री,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना माझा नमस्कार. (डावा जास्त दुखतो असं तू लिहिलं होतंस, म्हणून त्याला थोडा जास्त.) भावजींना नमस्कार, रणधीरला आशीर्वाद. आम्ही इथं बरे आहोत. मध्यंतरी घरात एक जण तापानं फणफणला होता, पण तो माणूस नव्हता, कॉम्प्युटर होता. पत्र हातानं लिहिलेलं आलंय म्हणजे तो अजून आजारी आहे असं समजू नकोस. त्याचं कारण वेगळं आहे, ते शेवटी.

आमच्या शिवरंजनीला जर्मनीत मुलगी झाली, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. बारसं रविवारी, आणि ते असं ठरलं की बाळ तिकडं पाळण्यात, आणि पाळणा म्हणणाऱ्या बायका इकडं आमच्या बैठकीत, कॉम्प्युटरसमोर. म्हणणार शेजारच्या सखूबाई. त्यांचा पाळणा सोळा कडव्यांचा, सावकाश म्हणायचा, आणि बाळाचं नाव येतं थेट सोळाव्यात. कडव्यात बसवायचं म्हणून पोरीनं ते नाव फक्त सखूबाईंना सांगितलेलं. सख्ख्या आजीला नाही! मी गोड बोलले, रुसून पाहिलं, शेवटी पाव किलो खवा नेऊन दिला. "इरम्माक्का, जीव गेला तरी सांगायची न्हाय," असं म्हणून त्यांनी खवा तेवढा ठेवून घेतला.

आठ दिवस आधी तालीम घेतली. नवव्या कडव्याला पडदा काळा! पुन्हा चालू केला तर प्रोसेसर फार तापलाय अशी इंग्रजी ओळ. आपल्या शाळेतल्या सिस्टर ॲग्नेसच्या कृपेनं ती मला वाचता आली. (कळली नाही, हा दोष सिस्टरांचा नाही.) आमच्या यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला, तीस वर्षं शाळेत पोरांच्या कपाळावर ठेवत तसा, आणि "ताप आहे" म्हणून ओली पट्टी आणायला निघाले. मी त्यांना मोरीच्या दारात अडवलं.

मग गोरोबाला बोलावलं. हा गृहस्थ विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटर. मी आधी डब्यावरचं कव्हर काढून नीट घडी घातली. (तेच गं, क्रोशाचं, दुहेरी लोकरीचं, खाली टेबलापर्यंत येणारं. तुझ्याकडं मी पाठवलं त्याचंच जोडीदार. सिस्टरांनी शिकवलेली अननसाची वीण. त्या वेळी मी सहा वेळा उसवली होती आणि तू माझ्या वाटणीची चोरून विणून दिली होतीस.) गोरोबानं डबा उघडून फुंकणी मारली. "बाई, ह्यात तर आख्खं लोहारा भरलंय की! पण पंखा झकास फिरायलाय." तासभर चालवून दाखवला, चहा घेतला, गेला. मी धूळ पुसली, कव्हर घातलं, बायकांना बोलावलं. नववं कडवं, आणि पडदा काळा.

मी सखूबाईंना सुचवलं की पहिली नऊ गाळून दहाव्यापासून म्हणा. त्या कडाडल्याच. "नऊ महिन्यांची नऊ कडवी हायेत अक्का. ती गाळून लेकरू काय आभाळातून पडायचं व्हय?"

शनिवारी गोरोबा पुन्हा आला. पंख्याखाली धातूचा एक जाड ठोकळा असतो, त्याला कूलर म्हणतात. (आपला पाण्याचा नव्हे. मी पाण्याची बादली आणून ठेवली होती, ती मुकाट्यानं परत नेली.) तो उचलल्यावर खाली प्रोसेसर दिसला, बिस्किटाएवढा, वर वाळून खपली झालेलं मलम. गोरोबानं जुनं पुसलं, नव्या मलमाची नळी यांच्या हातात दिली, "मधोमध हरभऱ्याएवढं ठेवा, मास्तर," म्हणाला आणि स्क्रू शोधायला वाकला. हे नुकतेच आंघोळ करून आलेले. मलम राखाडी, अगदी विभूतीच्या रंगाचं. यांनी ते तीन बोटांवर घेतलं आणि रोज सकाळी कपाळावर ओढतात तसे प्रोसेसरवर तीन आडवे पट्टे ओढले!

"मास्तर, ही पूजा न्हाय, प्रोसेसर हाय!"

"पसरलं ना सगळीकडं? मग झालं."

कूलर बसवला. दोन तास चालला, अठ्ठेचाळीस अंशांच्या वर गेला नाही. संध्याकाळी सगळं आवरून, कव्हर घालून शेवटची तालीम घेतली. नववं कडवं. यांचा चहा तसाच गार झाला. तोवर मला वाटत होतं नावाची ओढ मलाच आहे.

रविवारी पाहुणे येणार म्हणून मी पहाटेच पडदे, अभ्रे, कव्हरं, सगळं धुऊन दोरीवर टाकलं. अकराला पाळणा सुरू झाला. नवव्या कडव्याला बायकांनी पदर तोंडाशी धरले, यांनी डोळे मिटले. सखूबाई दहाव्यात शिरल्या! बारावं, चौदावं, आणि सोळाव्यात त्यांनी सूर लावला, "जो जो गं आयरीनबाई!"

श्री, आयरीन! शाळेत पहिल्याच दिवशी सिस्टरांना इरम्मा म्हणता येईना म्हणून त्यांनी हजेरीत लिहिलेलं माझं नाव. तिकडं ते इरेने म्हणतात म्हणे, म्हणजे इरम्मापर्यंत निम्मी वाट झालीच. मी रडले. हे म्हणाले, "मलम बसायला एक रात्र लागते, मी म्हणत नव्हतो?"

तुझी,
इरा (हजेरीतली आयरीन)

ता. क. – आता खरं ते. दुपारी वाळलेलं कव्हर घालायला गेले आणि हात वरच थांबला. गोरोबा आला की मी कव्हर काढत होते, तो गेला की मायेनं घालत होते. वारा यायच्या सगळ्या फटी बंद! पण यांच्या तीन पट्ट्यांची कीर्ती पार माकणी गावापर्यंत गेलीय, काल एक जण मिक्सर घेऊन आला होता. तेव्हा तोंडातून चकार शब्द काढू नकोस. हे माझे ईमेल वाचतात, म्हणून पत्र हातानं.

ता. क. दुसरा – तुझाही कॉम्प्युटर तापून बंद पडतो आणि तू रणधीरनं काढलेल्या लग्नांच्या व्हिडिओंना दोष देतेस, असं मागच्या पत्रात होतं. आधी कव्हर काढ. मग रणधीरला पुरणपोळी कर. कारण सांगू नकोस.

ता. क. तिसरा – मुख्य काम राहिलंच. काढलेलं कव्हर धुऊन एसटीच्या पार्सलनं पाठव. दोन्ही जोडून आयरीनला दुपटं करतेय, तिकडं थंडी पडलीय. निम्मं दुपटं तुझ्या घरचं असेल. ऊब कशी धरतं याची काळजी नको, तीन वेळा तपासून झालंय.