तिसरा घाणा

३ मार्च

ती. काका यांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात त्याला दोन महिने झाले नाहीत, तोच मी तुमचं नाक कापलं. कारखान्यात फोटोच्या फिल्मचे दोन घाणे वाया गेले. जिलेटिन तेच, चांदीचा क्षार तोच, मिश्रण तुमच्या वहीबरहुकूम. तरी फोटो अंधुक येतात, माणसांच्या तोंडाला राख फासल्यासारखे. कामात उलट मी शिस्त आणली आहे. आता सगळे पाळीपाळीने जेवतात, मिनिटभरही खोळंबा नाही.

मालक म्हणतात, तिसरा घाणा बिघडला तर फिल्मचं यंत्र भंगारात घालायचं आणि त्या खोलीत लेबलं छापायची. आम्ही अकरा जण आहोत आणि आम्हाला दुसरं काही येत नाही. माझं डोकं चालेनासं झालंय. काय चुकतंय ते कळवा.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
बबडी

९ मार्च

चि. बबडीस अ. आ.

नाचता येईना अंगण वाकडं, असं लिहिणार होतो. पण तू अंगणाला नावं ठेवलीच नाहीस, तेव्हा राहिलं. पाणी तपास. उकळून घे. नको, उकळू नकोस, आपण कधी उकळलं नव्हतं. ढवळायचा पंखा उलटा फिरतोय का बघ. मी अंधारात मिश्रणाचा थेंब दोन बोटांत चोळायचो आणि झालं की नाही ते कळायचं. कसं, ते विचारू नकोस. तीस वर्षं कळत होतं एवढं खरं. वहीत मी काही हातचं राखलेलं नाही. तरी असं का व्हावं, हे मलाही उमजत नाही.

माझी माया दोन घाण्यांनी आटायची नाही, हे ध्यानात असू दे.
काका

१६ मार्च

चि. बबडीस काकूचे अ. आ.

हे पत्र काकांना न सांगता लिहिते आहे. दिवसभर वर्तमानपत्राच्या कडांवर आकडे मांडतात आणि खोडतात. काल साखरेच्या डब्यात मीठ ओतलं.

मला तुमच्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक विचारते. वहीत जेवणाचं काही आहे का? हे तीस वर्षं बाराला घरी जेवायला यायचे, जरा आडवे व्हायचे, दोनला परत जायचे. मिश्रणाच्या खोलीची किल्ली यांच्या खिशात, म्हणजे तोवर आत कुणी जायचं नाही. भांडं आपलं कोमट बसून. मुरायला वेळ लागतो गं. परवा मी यांना तसं म्हटलं, तर जेवणाचा काय संबंध म्हणत ताटावरून उठले. चुकत असेन तर हसून सोडून दे.

जिवाला जप, आणि मधूनमधून म्हातारीची आठवण काढ.
काकू

२७ मार्च

ती. सौ. काकूस शि. सा. न.

हसले नाही. तिसऱ्या घाण्याला बारा वाजता सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावलं, दोनला उघडलं. पापण्यांचे केस मोजावेत इतका स्वच्छ फोटो आला. यंत्र राहिलं.

पुढे छोट्या भांड्यात दीड तास ठेवून पाहिलं तर फिकं, अडीच तास ठेवलं तर काळवंडलं. दोनच तास का, कुणालाच सांगता येत नाही. वहीत काय लिहू ते काकांना विचार. आणि हे सगळं त्यांना सांगायचं कसं, ते तूच ठरव; माझी हिंमत होत नाही.

तुझ्या पायांशी,
बबडी

४ एप्रिल

चि. बबडीस अ. आ.

काकूनं तुझं पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं. यंत्र वाचलं, अकरा घरं वाचली, मला आनंद झाला. खोटं लिहीत नाही. पण पुरता गोंधळून गेलोय. इतकी वर्षं वाटायचं, फिल्म माझ्या बोटांनी होते. ती होत होती मी घरी घोरत असताना. मग थेंब चोळून मला काय कळायचं? आज जेवून आडवा झालो, पण डोळा लागला नाही.

वहीत लिही, दोन तास खोली बंद. का, ते काकांना माहीत नाही, हेही लिही. शोध काकूचा, तेव्हा तिचं नाव घाल. शेवटच्या पानावर माझी सही आहे, ती मात्र खोडू नकोस.

माझ्याविषयी जे वाटत होतं तेच वाटत राहावं, एवढी विनंती.
काका