पाय खाली गेला तेव्हा

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. ह्यांना जाऊन परवा महिना झाला. पोलिसांचा कागद आला. त्यात चालकाचा निष्काळजीपणा, असं लिहिलंय. सासूबाईंनी तो वाचला आणि जेवणच सोडलं. टॅक्सीतला जो प्रवासी वाचला, तो म्हणतो की घाट उतरताना हे ओरडत होते, ब्रेक लागत नाही, पाय पार खाली जातोय. असं होऊ शकतं का रे? तुझा जन्म ब्रेकच्या कामात गेला. मला कळेल असं लिही. लहानपणी माझी सायकल खोलून अर्धवट सोडायचास, तसं करू नकोस.
तब्येतीला जप.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. होऊ शकतं. पायाचा जोर नळीतल्या ब्रेक ऑइलमधून चाकाशी पोचतो. ऑइल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून जोर पुरता पोचतो आणि दोन पॅड चाकाची चकती चिमटीत धरतात. घर्षणाने सगळं तापतं. पण ऑइल जुनं झालं की हवेतला ओलावा पितं. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की ते उकळतं, वाफ होते. वाफ मात्र आकसते. पाय खाली जातो, चाकाला काहीच कळत नाही. दाजींची चूक नव्हती.
माझी होती. जानेवारीत गाडी माझ्याकडेच होती. पॅड बदलले. ऑइल काळं पडलेलं दिसलं होतं. दाजींना सकाळचं भाडं होतं, त्यांनी लवकर उरकशील का विचारलं. मी म्हटलं, ऑइल पुढच्या खेपेला बघू. मेहुण्याचा शब्द म्हणून ते निर्धास्त गेले. महिनाभर तुझ्या दारात बसून गेलो, तोंड उघडलं नाही.
हे पत्र कुणालाही दाखव.
तुझा अपराधी,
धाकटा

२० मार्च

धाकट्या,
पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. आपला मुलगा निष्काळजी नव्हता एवढंच त्यांनी ऐकलं आणि दीड महिन्यात पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. पत्र पोलिसांकडे दिलंय. तुला बोलावतील; जा.
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. तुझा राग करायलाही अंगात बळ नाही.
मुलं विचारत होती, मामा सुट्टीत येणार का. मी नाही म्हटलं. का, ते सांगितलं नाही. तेवढंच तुझ्यासाठी करू शकले.
ताई