घड्याळाच्या पोटातलं मशीन

५ जानेवारी
दिवाळीपासून काही लिहिलं नाही, दिलगीर आहे. कुणापाशी, ते ठरवता येत नाही. वही माझी, वाचणाराही मीच. तरी आहे.
सोनमचा, म्हणजे माझ्या भाचीचा, साखरपुडा अठ्ठावीसला अक्कलकोटात. तिला मामाच्या हातचं चावीचं घड्याळ मिळणार, असं सगळ्या पाहुण्यांसमोर बोलून बसलोय. केस, म्हणजे बाहेरची डबी, लेथवर करून घेतली. नाजूक, सुपारीएवढी. डायल झाली, काटे झाले. फक्त आतलं मशीन बाकी. किरकोळ काम.

८ जानेवारी
नवी पेठ. हारूनभाईंचं घड्याळाचं दुकान. केस तळहातावर घेऊन म्हणाले, किसके लिए सर, गुडिया के लिए? एवढं लहान चावीचं मशीन आता नवं मिळत नाही म्हणे; जुन्या लेडीज घड्याळातलं काढायचं. डबा काउंटरवर पालथा केला. पोटं फाडलेली घड्याळं. मळ, घाम, हळद. शिसारी आली. परक्या बाईच्या मनगटावरचं भाचीला देणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, सर, ये चाय का कप बी किसीका जूठाच है. पानी से धोके दिया की नै?
चहा अर्धा टाकून आलो. नंतर वाटलं, टाकायला नको होता.

१५ जानेवारी
गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीमुळे पार्सल उशिरा. ऑनलाइन मागवलेलं ‘ब्रँड न्यू’ मशीन. उघडलं तर टाल्कम पावडरचा वास. म्हणजे कुणीतरी वापरलेलं. वर चालतही नव्हतं. परत पाठवताना ‘उघडलेले नाही’वर टिक केली. दिवसभर टोचत राहिलं. संध्याकाळी कंपनीला खरं कळवलं: उघडलं होतं, हुंगलंही होतं. रिटर्न रद्द.

२२ जानेवारी
बायको, महानंदा, म्हणाली, अहो, मोठी केस करा की. समजावलं, मोठी केस म्हणजे तडजोड. म्हणाली, पोरीच्या हातात घड्याळ बांधायचंय का तुमचं तत्त्व?
तिचं बरोबर असेल का? विचार केला. नाही.
कपाटात तिचं लग्नातलं घड्याळ आहे, तिच्या आईनं दिलेलं. कित्येक वर्षं बंद. माप घेतलं, निव्वळ कुतूहल म्हणून. तंतोतंत.

२५ जानेवारी
बंद घड्याळाला घड्याळ म्हणावं का? शिवाय घरचं मनगट, परकं नाही. यात किळस येण्यासारखं काही नाही, हा जीर्णोद्धार. महानंदाला सांगितलं नाही. साखरपुड्याच्या गडबडीत बायकोला कशाला त्रास? मशीन काढलं, बसवलं, वर डायल चिकटवली. चावी दिली. लगेच चाललं. म्हणजे बिघडलेलं नव्हतंच. कुणी चावीच दिली नव्हती. हे डायल चिकटवण्याआधी कळायला हवं होतं.

२८ जानेवारी, अक्कलकोटहून परत
कौतुक झालं. सोनमचे होणारे सासरे, बिरुदेव, म्हणाले, लई भारी, दुकान टाका की. सोनमनं घड्याळ महानंदाच्या कानाला लावलं. ही ऐकतच राहिली.
गाडीत म्हणाली, अगदी आमच्या आईनं दिलेल्या घड्याळासारखा आवाज हो. उद्या दुपारी ते कपाटातनं काढते, हारूनभाईंना दाखवते. सोनमच्या लग्नात घालीन.
मी म्हणालो, अवश्य.

उद्या: सकाळी दुकान उघडताच हारूनभाईंच्या डब्यातलं एक मशीन आणणे.