आईबरोबर दुहेरी

३ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खांदा बरा आहे, पण डॉक्टरांनी स्पर्धांचं नावसुद्धा काढू नकोस म्हणून बजावलंय. चौदा वर्षं देशोदेशी टेनिस खेळले आणि शेवटचा सामना अर्ध्यावर सोडून, टॉवेलात तोंड लपवून बाहेर पडले. तेव्हापासून रॅकेटी माळ्यावर आहेत. क्लबवाले शिकवायला ये म्हणून मागे लागलेत. मी साफ नाही म्हटलं.

आणि काल आपल्या मातोश्रींनी स्टूल लावून एक रॅकेट खाली काढली, मला म्हणाल्या, शिकव! चौसष्टाव्या वर्षी! मी हसले, तर आठवडाभर बोलणार नाही म्हणून दम दिला.

लोभ असू दे, काळजी नको.
तुझी बारकी

२० जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून पोट धरून हसलो. तुझी वहिनी म्हणते, सासूबाई पक्क्या आहेत, टेनिसच्या निमित्ताने तुला घराबाहेर काढतायत. तुमच्या क्लबात दुहेरीचे सामने आहेत ना? आईला घेऊन उतर. हरलात तर हरलात, घरचं कुणी नावं ठेवणार नाही. मी ठेवीन, पण माझं कोण ऐकतं?

लोभ वाढव, कुरकुर आवर.
दादा

११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उतरलो बाबा एकदाच्या! समोर शाळेतल्या दोघी शिक्षिका. बघ्यांची ही गर्दी, मी मागच्या रेषेवरच घुटमळत होते. आई मात्र टोपी घालून जाळीपाशी ठाण मांडून उभी. खांदा सांभाळत मी टायब्रेकपर्यंत खेचलं. शेवटी आईने मारलेला चेंडू पंचांनी रेषेवर दिला आणि आम्ही जिंकलो! टाळ्या पडतायत, तोवर आई तरातरा पंचांकडे गेली आणि चेंडू चांगला वीतभर बाहेर होता म्हणून त्यांच्याशीच भांडली. गुण परत दिला. पुढचे दोन गुण गेले, सामनाही गेला.

मला असं हसू फुटलं की मी कोर्टावरच फतकल मारली. समोरच्या दोघीही हसत आल्या, आणि आम्हाला शिकवाल का विचारू लागल्या. मी हो म्हणून बसले! आईने लगेच सुनावलं, पहिली विद्यार्थिनी मी, तुम्ही मागे उभ्या राहा.

सोमवारपासून सुरुवात. आणि दादा, हरल्यावर मला घास उतरायचा नाही, तुला माहीतच आहे. काल आईच्या ताटातलंसुद्धा मी खाल्लं.

लोभ आहेच, आता भेटायलाही ये.
तुझी बारकी